जास्तीच्या अल्फाचं काय होतं?

प्रौढांच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा थॅलेसेमियात बीटा कमी बनते किंवा बनतच नाही. अल्फा मात्र नेहमीसारखी तयार होत राहते. खरा घात इथेच होतो. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्यांचा पेशीत साका बसतो, पेशीचं आवरण खराब होतं आणि बहुतेक तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात. त्यामुळे लोहाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. उलट, वारंवार रक्त चढवून साठलेलं लोह औषधाने काढावं लागतं. विशेष म्हणजे, मुलाला अल्फा जनुकातलाही दोष असेल, तर असमतोल घटून आजार बहुधा सौम्य राहतो.

भारतात सर्वाधिक आढळणारा बीटा दोष ‘आयव्हीएस १-५’. सिंधी कुटुंबांत बऱ्याचदा जनुकाचा ६१९ बेस-जोड्यांचा तुकडाच गळालेला असतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’त अशा दोषांची तपासणी आणि गर्भातल्या बाळाचं निदान होतं. आई-वडील दोघेही सदोष बीटा जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याचा धोका २५ टक्के. वाहक ओळखायला रक्तातलं एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजतात; ते साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेलं, की जोडीदाराचीही तपासणी लगेच करून घ्यावी.