मागचें चाक सरळ आहे काय?

जुनी मोटारसायकल रस्त्यावर एका बाजूस ओढूं लागली, म्हणजे बहुधा तिच्या वयाला दोष दिला जातो. “गाडी जुनी झाली, चालायचेंच,” असें म्हणून स्वार हँडल किंचित् तिरपें धरून दिवस काढतो. कोरड्या रस्त्यावर हें खपून जातें; परंतु पावसाळ्यांत, मागें घरचें माणूस बसलेलें असतां, वळणावर एकाएकीं ब्रेक दाबण्याची वेळ आली, म्हणजे या लहानशा तिरपेपणाची किंमत फार मोठी पडते. वास्तविक हा दोष वयाचा नसून बहुतेक वेळां मोजमापाचा असतो, आणि मोजमापाचा दोष दोरी, पट्टी व थोडा धीर यांच्या साहाय्यानें हुडकून काढतां येतो. तो कसा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम रचना समजून घेऊं. फार जुन्या मोटारसायकलींत मागचें चाक थेट चौकटीला जखडलेलें असे. खड्डा लागला कीं धक्का सरळ स्वाराच्या पाठीला बसे. पुढें चाक धरण्यासाठीं निराळी, वरखालीं झुलणारी दुहेरी भुजा आली. तिला स्विंगआर्म म्हणतात. आपल्याकडील गॅरेजांत तिचें नांव ‘चिमटा’. रॉयल एन्फील्ड कंपनीनें इंग्लंडांत १९४९ सालीं काढलेल्या बुलेट गाडीला असा चिमटा होता, आणि १९५५ पासून ती गाडी मद्रास येथें तयार होऊं लागली. त्या जुन्या घडणीच्या बुलेट आजही पुष्कळ घरांत जपलेल्या आढळतात. म्हणून उदाहरणासाठीं तीच घेऊं.

चिमट्याचें पुढचें टोंक एका आडव्या खिळीवर, बुशांच्या आधारानें, चौकटींत बसविलेलें असतें. मागच्या दोन टोंकांना लांबट खाचा असून त्यांत चाकाचा आंस बसतो. चेन वापरानें सैल होते, तेव्हां ती ताणण्यासाठीं आंस या खाचांतून मागें सरकवावा लागतो. बुलेटमध्यें यासाठीं आंसाच्या दोन्ही टोंकांस गोगलगाईच्या शंखाप्रमाणें वाढत गेलेली, कडेला खांचे असलेली एकेक चकती असते. दोन्ही चकत्या सारख्याच खांच्यावर ठेविल्या, म्हणजे चाक सरळ बसलें असें मानण्याचा प्रघात आहे. परंतु चकती झिजलेली असेल, अथवा पूर्वीच्या एखाद्या अपघातांत चिमटा वांकला असेल, तर खांच्यांची संख्या खोटी साक्ष देते. म्हणून खुणेवर विसंबूं नये, प्रत्यक्ष मोजावें.

मोजण्यापूर्वीं मात्र दुसरे संशयित दूर केले पाहिजेत. टायरांत हवा कमी असणें, हँडलाचें बेअरिंग सैल असणें, स्पोक ढिले होणें, यांपैकीं कोणत्याहि कारणानें गाडी तशीच डुलते. इंजिन बंद करून गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करावी. चिमट्याला टेकवून खडूचा तुकडा रिमच्या अगदीं जवळ धरावा आणि चाक हातानें हळू फिरवावें. खडू कोठें लागतो व कोठें सुटतो असें दिसलें, तर रिमच वांकडी आहे. वांकड्या रिमवरून घेतलेलें माप निरुपयोगी होय. आधीं ती सरळ करून घ्यावी.

यानंतरची परीक्षा चिमट्याची. एका हातानें चाकाची वरची कड व दुसऱ्यानें खालची कड धरून चाक आलटून पालटून ओढावें व ढकलावें. चिमटा स्थिर राहून चाकच हललें, तर चाकाचें बेअरिंग झिजलें आहे. चाकाबरोबर चिमट्याचें टोंकही बाजूस हललें, तर पुढच्या खिळीचे बुश झिजले आहेत. हा भेद नीट ध्यानांत ठेवावा. कारण बुश झिजले असतां चाक कितीही अचूक बसविलें, तरी पहिल्याच वळणावर तें आपली दिशा सोडतें. तेथें चकत्या फिरवून कांहीं उपयोग नाहीं. बुश बदलणें हाच उपाय.

येथवर सर्व ठीक असेल, तर दोरी हातीं घ्यावी. गवंडी भिंतीची ओळ पाहण्यास वापरतो तशी एक लांब, न ताणणारी दोरी मागच्या टायरला मागून वेढा देऊन, जमिनीपासून शक्य तितकी उंच, पण स्टँड वगैरेला न अडखळेल अशी धरावी. तिचीं दोन्ही टोंकें गाडीच्या दोहों बाजूंनीं पुढच्या चाकाच्याहि पुढें नेऊन ताणावीं, आणि दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुकती स्पर्श करील इतकी आंत आणावी. पुढचें चाक दोऱ्यांना समांतर ठेवावें. दोन्ही टायर सारख्या रुंदीचे असतील, तर दोऱ्या पुढच्या टायरलाही दोहोंकडून सारख्याच चाटून जातील. मागचा टायर १०० मिलिमीटर व पुढचा ९० मिलिमीटर रुंद असेल, तर प्रत्येक बाजूस ५ मिलिमीटर जागा सुटली पाहिजे. एकीकडे २ व दुसरीकडे ८ सुटली, तर चाकें एका रेषेंत नाहींत.

भूमितीच्या विद्यार्थ्यांस यांतील खुबी सहज कळेल. समजा, चिमट्याच्या दोन टोंकांमधील अंतर २०० मिलिमीटर आहे व आंसाचें एक टोंक दुसऱ्यापेक्षां केवळ १ मिलिमीटर मागें राहिलें आहे. दोन चाकांच्या आंसांतील अंतर सुमारें १४०० मिलिमीटर धरलें, तर समरूप त्रिकोणांच्या न्यायानें पुढच्या चाकापाशीं ही चूक ७ मिलिमीटर होऊन दिसते. डोळ्यांस न दिसणारा दोष दोरी सातपट मोठा करून दाखविते!

दोरीनें दोष दाखविला, तरी त्याचें स्थान सांगितलें नाहीं. त्यासाठीं चिमट्याच्या खिळीच्या मध्यापासून आंसाच्या मध्यापर्यंतचें अंतर दोहों बाजूंस मोजावें. तें कमीजास्त असेल, तर आंसाचे नट सैल करून चकत्यांनीं तें सारखें करावें व दोरी पुन्हां लावावी. परंतु अंतरें सारखीं असूनही दोरी जुळत नसेल, तर केवळ दोरीचें समाधान करण्याकरितां आंस तिरपा करूं नये. तसें केल्यास चेन स्प्रॉकेटच्या दांत्यांवर तिरपी चालून दोन्ही झिजतील. अशा वेळीं आंसावरील नळ्या उलटसुलट बसल्या आहेत काय, स्पोक ताणतांना रिम एका बाजूस गेली आहे काय, हें पाहावें. पुढचें चाक उभें असून मागचें कललेलें दिसलें, तर चिमट्याला पीळ पडल्याचा संशय घ्यावा. तो काढून खिळीच्या व आंसाच्या भोकांतून एकेक सरळ सळई घालावी. दोन्ही सळया समांतर दिसल्या नाहींत, तर काम कुशल कारागिराकडेच सोंपवावें.

शेवटीं चेनची ढील. चिमटा वरखालीं झुलतो तसें पुढच्या व मागच्या स्प्रॉकेटमधील अंतर बदलतें. म्हणून चेनला कांहीं ढील लागतेच. चाक पूर्ण एक फेरा फिरवून चेन जेथें सर्वांत घट्ट असेल तेथें ती पुस्तिकेप्रमाणें ठेवावी. नट आवळतांना आंस सरकतो, यास्तव आवळल्यावर सर्व मापें पुन्हां घ्यावीं. चाक सरकलें कीं ब्रेकच्या दांड्याची लांबीही बदलते. ब्रेक जुळविल्यावांचून गाडी रस्त्यावर आणूं नये. चेनच्या जोडकडीची क्लिप बंद टोंक चालीच्या दिशेस ठेवून बसवावी. आणि इंजिन चालूं ठेवून, गिअर टाकून चेन पुसण्याचा धाडसीपणा कोणीहि करूं नये. चेन व स्प्रॉकेट यांच्यामध्यें सांपडलेलें बोट वांचत नाहीं.

वाचकहो, या सर्व खटाटोपांत कठीण असें कांहीं नाहीं; क्रम मात्र आहे. आधीं चाक, मग चिमटा, मग आंस. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर पुन्हां मोजावें. एकदम चार ठिकाणीं पाना फिरविणारास गाडी सुधारली तरी कशानें, हें कळत नाहीं, आणि बिघडली तर परतीची वाटही सांपडत नाहीं. ज्यांच्या घरीं मोटारसायकल नाहीं, त्यांनीं हीच दोरी आपल्या सायकलीला लावून पाहावी. सुटीच्या एका सकाळचें तें काम आहे.