छायाचित्र कोरण्यापूर्वी

श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांजवळ कोरलेला मराठी शिलालेख आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. चामुंडरायाने ती मूर्ती करविल्याची नोंद देणारी अक्षरे शतकानुशतकांचे ऊन-पाऊस सोसूनही टिकून आहेत. दगडावर एकदा उमटलेले पुसता येत नाही. हेच कोरीवकामाचे सामर्थ्य आणि हीच त्यातील जोखीम.

आज छिन्नीच्या जोडीला लेसर यंत्र आले आहे. पेढीवर लावावयाची आजोबांची प्रतिमा, धर्मशाळेतील दात्याचा फलक, वर्षीतपाच्या पारण्यानिमित्त तपस्वींना अर्पण करावयाचे स्मृतिचिन्ह, अशा अनेक निमित्तांनी आपल्या घरांतून छायाचित्रे कोरावयास दिली जातात. पुष्कळदा घरातील वडिलधाऱ्यांचे एकच जुने छायाचित्र उरलेले असते. त्यातील चेहरा फलकावर ओळखू यावा, तर यंत्र सुरू होण्याआधीची तयारी नीट व्हावयास हवी.

ठिपक्यांचा हिशेब

कागदावरील छायाचित्रात काळ्या-पांढऱ्याच्या दरम्यान असंख्य छटा असतात. लेसरचा किरण मात्र बहुधा एकच गोष्ट करतो : एखाद्या जागी ठिपका उमटवितो किंवा ती जागा कोरी सोडतो. म्हणून वर्तमानपत्रातील चित्राप्रमाणे येथेही दाट-विरळ ठिपक्यांनी छटेचा आभास निर्माण करावा लागतो. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत यासाठी आजही वापरली जाते. तिचे तत्त्व व्यापाऱ्यास सहज उमजेल : एका ठिपक्यात छटेची जी बाकी उरते, ती शेजारच्या ठिपक्यांच्या खाती ओढली जाते.

हे ठिपके चित्राच्या अंतिम मापावरच पाडावेत. ठिपके पाडल्यावर चित्र लहान-मोठे केल्यास सारा हिशेब विसकटतो आणि चेहऱ्यावर पट्टे दिसू लागतात.

मूळ चित्राची निगा

जुने छायाचित्र चौकटीतून अलगद काढून इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात स्कॅन करावे. ते काचेला चिकटले असल्यास ओढू नये. काचेसहच स्कॅन करावे. व्हॉट्सॲपने पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, अन्यथा बारकावे गळून पडतात.

सामूहिक चित्रातील चेहरा ५ मिलिमीटरचा असेल, तर अशा स्कॅनमधून त्याच्या वाट्याला सुमारे ११८ ठिपके येतात. तोच चेहरा ५ सेंटिमीटरचा कोरावयाचा असेल आणि यंत्र मिलिमीटरला १० ठिपके देत असेल, तर ५०० ठिपके लागतात. ही तूट कोणतेही यंत्र प्रामाणिकपणे भरून काढू शकत नाही. अशा वेळी फलकाचे माप कमी करावे.

यानंतर चित्र कृष्णधवल करून मागील पार्श्वभूमी काढून टाकावी. चेहऱ्यावरील मध्यम छटा थोड्या उजळाव्यात. डोळे, चष्म्याची कड आणि मिशा यांना धार द्यावी. पांढरी टोपी कोऱ्या पार्श्वभूमीत विरून जाते, म्हणून तिच्या कडेशी फिकट छटा राहू द्यावी.

माध्यमाची निवड

फिकट लाकडावर किरण लागेल तेथे काळसर डाग उमटतो. काळ्या ग्रेनाइटवर नेमके उलट घडते. किरण लागलेला भाग पांढुरका होतो. त्यामुळे ग्रेनाइटसाठी चित्राच्या छटा उलट कराव्या लागतात. हे राहून गेले, तर आजोबांचे शुभ्र केस काळे आणि डोळ्यांची बुबुळे पांढरी दिसतील. पारदर्शक ॲक्रिलिकच्या मागील बाजूने कोरताना चित्र आरशातल्याप्रमाणे फिरवून घ्यावे.

चामडे आपल्या आचारात बसत नाही. परंतु त्याऐवजी पीव्हीसीचे रेक्झिनही देऊ नये. ते जळताना निघणारा क्लोरिनयुक्त वायू कारागिराच्या फुप्फुसांना आणि यंत्रालाही घातक असतो. तसेच तीर्थंकरांची वा साधू-साध्वींची प्रतिमा आशातना होईल अशा नित्य वापराच्या वस्तूंवर कोरवून घेऊ नये.

चेहरा त्यांचाच राहो

अस्पष्ट चेहरा क्षणात ‘सुधारून’ देणारी संगणकीय साधने आता हाताशी आहेत. ती हरवलेले तपशील शोधून आणीत नाहीत. अंदाजाने नवे रचतात. आजींच्या गालावरील देवीचे व्रण, किंचित झुकलेली पापणी पुसली जाते आणि सुबक, पण परका चेहरा पुढे येतो. पुढील पिढी त्यालाच आजी समजेल. सत्याचे व्रत मानणाऱ्या घराने येथे थांबून विचार करावा. धूसर राहिले तरी खरे तेच ठेवावे.

म्हणून कोरण्यापूर्वी खऱ्या मापाची कागदी प्रत काढून ती घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला दाखवावी. नाव, गाव आणि तिथी दोघांनी स्वतंत्रपणे वाचून तपासावी. त्याच जातीच्या दगडाच्या वा लाकडाच्या तुकड्यावर आधी केवळ डोळ्यांचा भाग कोरून पाहावा. तो पसंत पडला, की मगच फलक यंत्राखाली ठेवण्यास अनुमती द्यावी.