मोटारसायकलीचे एंजिन बदलणे व गिअरस्थिती-संवेदकाची जुळणी

मोटारसायकलीचे निकामी झालेले किंवा अपुरे वाटणारे मूळ एंजिन काढून त्या जागी दुसरे एंजिन बसविण्याच्या क्रियेला एंजिन बदलणे म्हणतात. गिअर पेटीतील कोणता गिअर गुंतलेला आहे हे विद्युत् संकेताने कळविणाऱ्या प्रयुक्तीला गिअरस्थिती-संवेदक (सेन्सर) म्हणतात. पूर्वी या दोन गोष्टींचा परस्परांशी फारसा संबंध नव्हता. इंधन-अंतःक्षेपण व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण प्रचारात आल्यापासून मात्र सांगाड्यात नीट बसणारे एंजिनही संवेदकाची जुळणी न झाल्यास सदोष, प्रसंगी धोकादायक ठरते.

एंजिन बदलण्याची कारणे : दीर्घकाळाची झीज, वंगणाअभावी दट्ट्या अडकणे व अपघात ही नेहमीची कारणे होत. मुंबईच्या उपनगरांत पुराच्या पाण्याची त्यांत भर पडते. तुळशी तलावाकडून येऊन मनोरीच्या खाडीला मिळणारी दहिसर नदी २६ जुलै २००५ रोजी दुथडी भरून वस्तीत शिरली. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला होता. हवा-गाळणीतून सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही. म्हणून बुडालेले एंजिन तसेच सुरू केल्यास संयोगदांडा वाकतो. पाणी व तेल काढून टाकण्यापूर्वी एंजिन सुरू न केल्यास ते बहुधा वाचते. अशा वाहनाच्या संवेदकाची जोडणी कालांतराने गंजते, म्हणून एंजिन चांगले असले तरी तीही तपासावी लागते.

बांधणी : जुन्या बुलेट मोटारसायकलीत एंजिन व गिअर पेटी वेगवेगळ्या असत, त्यामुळे एंजिन बदलले तरी गिअर पेटी जागेवर राही. एकसंध बांधणीत दोन्ही एकाच कवचात असतात. एंजिनाबरोबर गिअर पेटी, गिअर निवडणारे पिंप (ड्रम) व त्याच्या टोकाशी असलेला संवेदक हेही येतात. १९८५ मध्ये भारतात आलेल्या यामाहा आरएक्स १०० या ९८ घ. सेंमी. च्या गाडीत आरएक्स १३५ चे १३२ घ. सेंमी. चे एंजिन बसविण्याची पद्धत तरुणांत लोकप्रिय झाली. तेथे प्रश्न मुख्यतः यांत्रिक होता, कारण गिअर पेटीकडून येणारा संकेत न्यूट्रलचा दिवा लावण्यापुरताच होता.

संवेदकाचे प्रकार : (१) न्यूट्रल स्विच : पिंप न्यूट्रल स्थितीत आले की एकच स्पर्शक सांगाड्याला टेकून मंडल पूर्ण होते व दिवा लागतो. (२) बहुस्पर्शक स्विच : प्रत्येक गिअरसाठी स्वतंत्र स्पर्शक व स्वतंत्र तार असते. (३) रोधक-श्रेणी संवेदक : प्रत्येक स्थितीत वेगळ्या मूल्याचा रोधक मंडलात येतो आणि एकाच तारेवर पायरीपायरीने बदलणारा विद्युत् दाब मिळतो. (४) स्पर्शरहित संवेदक : चुंबकाच्या फिरण्यानुसार दाब बदलतो. काही गाड्यांत संवेदक नसतो. एंजिनाचे फेरे व चाकाची गती यांच्या गुणोत्तरावरून गिअर ठरविला जातो. अशा गाडीत स्प्रॉकेटचे दाते बदलले तरी दर्शक चुकू शकतो.

जुळणी का बिघडते : हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. नियंत्रकात ५ व्होल्ट दाब व १,००० ओहमचा रोधक आहे असे मानू. संवेदकाचा रोध २५० ओहम असता तारेवर १ व्होल्ट, १,५०० ओहम असता ३ व्होल्ट आणि ४,००० ओहम असता ४ व्होल्ट दाब मिळतो. नियंत्रक ३ व्होल्टचा अर्थ तिसरा गिअर असा लावत असेल आणि दुसऱ्या वर्षीच्या संवेदकात १,५०० ओहमचा रोधक दुसऱ्या गिअरला असेल, तर कपलर बिनचूक बसूनही नियंत्रकाची गफलत होते. काही गाड्यांत इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ गिअरनुसार ठरत असल्याने खेच कमी होते. याहून गंभीर म्हणजे गिअर गुंतलेला असता न्यूट्रलचा संकेत गेल्यास सुरक्षा-मंडल फसते, स्टार्टर दाबताच गाडी पुढे झेपावते.

केवळ नावावरून सारखेपणा गृहीत धरता येत नाही. पुण्याच्या बजाज ऑटोच्या पल्सर २२० या गाडीत २००७ मध्ये इंधन-अंतःक्षेपण होते, २००९ मध्ये त्याजागी कार्ब्युरेटर आला आणि भारत स्टेज ६ ही उत्सर्जन-मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली तेव्हा पुन्हा इंधन-अंतःक्षेपण आले.

जुळणीची पद्धत : गाडीचा मूळ संवेदक नव्या एंजिनावर बसत असेल, तर तोच वापरणे सर्वांत सोपे असते. त्यासाठी गिअरांची संख्या, पिंपाच्या टोकावरील खुंटीची जागा व छिद्रांतील अंतर सारखे असावे लागते. तसे नसल्यास एंजिन, संवेदक, वायरिंग व नियंत्रक हा एकाच वर्षीचा संपूर्ण संच घ्यावा. तपासणीसाठी मागचे चाक उचलून, एंजिन बंद ठेवून व किल्ली चालू करून, चाक हाताने फिरवीत एकेक गिअर टाकतात. प्रत्येक स्थितीतील दाब मल्टिमीटरने मोजून तो त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्यांशी ताडतात. चढत्या व उतरत्या क्रमाने आकडे जुळले नाहीत किंवा थरथरले, तर स्पर्शक झिजलेले अथवा जोडणी सैल असते. गिअर गुंतलेला असता न्यूट्रलचा दिवा लागत नाही, याची खात्री झाल्यावरच एंजिन सुरू करावे.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मूळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. एंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी-अधिकाऱ्याला द्यावी लागते. दहिसरच्या रहिवाशांसाठी हे काम बोरिवलीच्या परिवहन कार्यालयाकडे (नोंदणी-संकेत एमएच ४७) येते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे त्याच बनावटीचे व प्रकारचे एंजिन घेणे हाच निर्वेध मार्ग ठरतो. जुन्या बाजारातून एंजिन घेताना त्याचा क्रमांक खोडलेला नाही ना हे पाहावे व विक्रेत्याकडून पावती घ्यावी. नोंदणीपत्र व विमापत्र यांवर जुनाच क्रमांक राहिला, तर अपघातानंतर भरपाई मिळविताना अडचण येते आणि चोरीच्या मालाचा संशयही मालकावर येऊ शकतो.