विळा चालतो, गुरं नाहीत

हिवरे बाजारच्या डोंगरावर गवत आणायला विळा घेऊन जाता येतं, गुरं घेऊन नाही. नगर तालुक्यातलं हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी गाजलं, इथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली. मला मात्र तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती चराईबंदी.

पवार १९८९ साली सरपंच झाले, तेव्हा डोंगर उघडाबोडका होता. पुढे आदर्श गाव योजनेत सलग समतल चर खोदले गेले. चरांनी पाणी अडवलं, पण गवत आलं ते कोवळ्या कोंबाला तोंड लागलं नाही म्हणून. कोंब वाढला, फुलोऱ्यावर आला, बी जमिनीवर पडलं. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार २००० साली सुमारे १०० टन मिळणारं गवत २००४ पर्यंत ६,००० टनांवर गेलं. हा पावसाचा प्रताप म्हणावा, तर शेजारच्या गावांवरही तेच ढग येतात.

श्रेय पावसाचं की राखणीचं, हा प्रश्न आता जगभर महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियात कोरड्या कुरणांवर मूळची झाडी पुन्हा वाढू देऊन कार्बनची पत (कार्बन क्रेडिट) विकली जाते. वाढलेली हिरवाई व्यवस्थापनाची की चांगल्या पावसाची, यावर तिथे २०२२ पासून कडाक्याचा वाद चालू आहे. आपल्याकडे तर मोजमापच रोपांच्या संख्येत अडकलंय. पण मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वणव्यात पाती जळाली तरी तो ठेवा जमिनीखाली टिकतो. असा माळ सरकारी नकाशात ‘पडीक’ ठरवून त्यावर गिरिपुष्पाच्या रांगा लावणं हे मला नुकसानच वाटतं.

पण चराईबंदीची किंमत कोण मोजतो? ज्याला शेत आहे तो भारा कापून गोठ्यात नेतो. मेंढपाळाचा कळप विळ्यावर जगत नाही. दिवाळीनंतर कोकणात, रायगडच्या भातखाचरांपर्यंत उतरलेले धनगर पावसाच्या तोंडाशी घाटावर परततात, आणि नेमके तेव्हाच कोंब फुटत असतात. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत पाणलोटाचं काम करताना हाच पेच आला. तिथे सगळं रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं, म्हणजे मेंढरांना काही भाग मोकळा राहिला. कार्बनच्या पैशाचा करार उद्या एखाद्या माळावर झालाच, तर कुठलं रान कोणत्या महिन्यात मेंढरांसाठी उघडं राहील हे त्यात आधी लिहिलं पाहिजे, आणि लिहिताना धनगर समोर बसलेला हवा.