वॉर्डात करून पाहायचा ऑनलाइन धडा

हिवाळ्यात लेबर रूममधून आमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, येणारी कितीतरी बाळं गार पडलेली असत. तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार बाळ गारठलेलं समजतात. अशा बाळाची साखर उतरते, श्वासाला त्रास होतो, कमी वजनाच्या बाळाचा जीवही धोक्यात येतो. हे सगळ्या रेसिडेंट डॉक्टरांना माहीत असतं. बाळाला उबदार ठेवण्याच्या दहा पायऱ्या ते तोंडी परीक्षेत न अडखळता सांगतात. तरीही बाळं गार येत होती.

माहिती असूनही काम का होत नाही, हे शोधून त्यावर उपाय करण्याचं एक शास्त्र आहे. त्याला गुणवत्ता सुधारणा म्हणतात, आणि मी ते बालरोग विभागातल्या रेसिडेंटना ऑनलाइन शिकवते. त्याची मुळं कारखान्यांत आहेत. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या बेल टेलिफोन समूहात वॉल्टर श्यूहार्ट यांनी उत्पादनातले चढउतार आलेखावर मांडायला सुरुवात केली, पुढे एडवर्ड्स डेमिंग यांनी तो विचार जगभर नेला. रुग्णालयांत तो रुजवण्यात मोठा वाटा डॉन बर्विक यांचा, आणि ते बालरोगतज्ज्ञ आहेत याचा मला विशेष आनंद आहे. त्यांच्या संस्थेने २००८ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन शाळा काढली. आपल्याकडे आई आणि नवजात बाळांच्या उपचारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाची चार टप्प्यांची पद्धत २०१७ पासून वापरात आहे. दिल्लीच्या एम्सचा तिच्यात मोठा सहभाग आहे. एक अडचण निवडून गट बांधायचा, कारणं शोधून मोजमाप करायचं, छोटे बदल करून बघायचे, उपयोगी पडलेला बदल टिकवायचा.

ऑनलाइनच का? रेसिडेंट एका खोलीत एका वेळी सापडत नाहीत, म्हणून. एक नाइट ड्युटीवर, दुसरा ओपीडीत, तिसरा तीन महिने जिल्हा रुग्णालयात. वर्गात ही अडचण असते. या विषयात मात्र तोच फायदा. प्रत्येकाजवळ स्वतःचा वॉर्ड असतो आणि धडा त्या वॉर्डातच करून पाहायचा असतो.

पण नुसते व्हिडिओ दाखवून हे जमत नाही. चोवीस तासांच्या ड्युटीनंतर मोबाइलवर व्हिडिओ लावून झोपणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. म्हणून माझी अट एकच: स्वतःच्या वॉर्डातल्या आकड्यांचा फोटो पाठवल्याशिवाय पुढचा धडा मिळणार नाही. वहीच्या पानावर हाताने काढलेला आलेख चालतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने गार बाळांचा प्रश्न घेतला. तिचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: "मॅडम, सिस्टर लक्ष देत नाहीत." मी तिला पुन्हा पुन्हा 'का' विचारायला लावलं. बाळ गार का? ओल्याच टॉवेलमध्ये गुंडाळलं म्हणून. ओल्याच का? दुसरा कोरडा टॉवेल हाताशी नव्हता. का नव्हता? कपाटात होता. मग काढला का नाही? किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे, आणि त्या दुपारी घरी जातात. गारठलेली बहुतेक बाळं संध्याकाळनंतर जन्मलेली होती, हे तिच्याच आकड्यांत दिसत होतं. दोष कुणाच्या मनात नव्हता, किल्लीच्या व्यवस्थेत होता.

पुढच्या ऑनलाइन बैठकीला तिने इन्चार्ज सिस्टरांनाच बसवलं. माझ्या मते तो या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा तास. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, किल्ली मी आत्ता देते. पण टॉवेल धोब्याकडून वेळेवर येत नाहीत, ते कोण बघणार?" हे रेसिडेंटला कुठल्या व्हिडिओतून कळलं असतं? मग एका संध्याकाळी, एकाच ड्युटीत, वॉर्मरखाली दोन-दोन टॉवेल आधीच ठेवून बघितले. ते जमलं. भिंतीवर सूचनेचा कागद लावून पाहिला, त्याकडे कुणी बघेना. तो काढून टाकला. धुलाईच्या गाडीची वेळ वॉर्डात काम करणाऱ्या मावशींनी सांगितली आणि ती बदलून घेतली.

आलेखावर सलग सहा ठिपके मध्यकाच्या एकाच बाजूला पडले, तर तो योगायोग नाही असं या शास्त्रात धरतात. ते सहा ठिपके पडले तेव्हा तिने पाठवलेल्या फोटोत सिस्टर आणि मावशीही होत्या. 'मी केलं' नव्हे, 'आम्ही केलं' असं म्हणणारा डॉक्टर घडवायचा असेल, तर हे शिक्षण उमेदीच्या वर्षांतच मिळायला हवं. पुढे सवयी घट्ट होतात आणि मग 'इथे असंच चालतं' हे वाक्य तोंडी बसतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधन पद्धती आणि नीतिशास्त्राचे अभ्यासक्रम सक्तीचे केले आहेत, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला वॉर्डातल्या सुधारणेचा एक छोटा प्रकल्पही प्रत्येक रेसिडेंटकडून करून घ्यावा. त्यासाठी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. आठवड्यातला एक तास आणि वेळ देणारा एक शिक्षक लागतो. महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे: नुसता व्हिडिओ पाहिल्याचं प्रमाणपत्र स्वीकारू नका, सोबत वॉर्डातला आलेख मागा.