बासचा कडकपणा कुठून येतो?

सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. इथल्या यंत्रमागांच्या वस्त्यांत गणपतीत ऑर्केस्ट्रा होतो, नवरात्रात गरबा, आणि दोन्हीकडे मी बास गिटार वाजवतो. गरब्यात ढोल, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गर्दीतून बास पुढे आणावाच लागतो. तोच बास भावगीतांच्या कार्यक्रमात मात्र गाणाऱ्याच्या गळ्याला बोचतो. मग नवीन वादक अँपचा ट्रेबल पिळत बसतात, नाहीतर दुसरा बास घ्यायला निघतात. माझं सांगणं वेगळं आहे: आधी बोटांकडे बघा, मग तारांकडे. अँपची पाळी सगळ्यांत शेवटी.

चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, की ती सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. तो झाला खर्ज. पण तीच तार त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे उपस्वरही काढत असते. आवाजाची धार बहुतेक करून 800 ते 3000 हर्ट्झच्या पट्ट्यात, या वरच्या उपस्वरांत असते. तंबोऱ्याची जवारी ज्यानं ऐकली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. घोडी आणि तारेमधला दोरा जरासा सरकला, की तोच तंबोरा खुला किंवा बंद बोलतो. बासमध्येही खर्जाला धक्का न लावता या वरच्या पट्ट्यालाच आवर घालायचा असतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. ब्रिजजवळ छेडलेली तार ताठ असते, तिथे वरच्या उपस्वरांचा वाटा वाढतो. तोच हात गळ्याच्या टोकाकडे सरकवला, की आवाज भरीव आणि गोल होतो. नखाचा स्पर्श टाळून बोटाचा मांसल भाग वापरा. जोर कमी करा आणि लागेल तेवढा आवाज अँपवर वाढवून घ्या. जोरात ओढलेली तार फ्रेटवर आपटते, आणि तो 'टक' कुठल्याही नॉबनं पुरता जात नाही. तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर अलगद टेकवून अंगठ्यानं वाजवलं, तर आवाज आणखी मऊ होतो.

मग बासवरचे नॉब. साध्या, बॅटरी नसलेल्या बासच्या टोन नॉबमागे एक छोटा कपॅसिटर असतो, पुष्कळदा 0.047 मायक्रोफॅरडचा. नॉब कमी केला की वरची कंपनं त्याच्या वाटेनं अर्थला निघून जातात. दोन पिकअप असतील तर ब्रिजकडचा कमी ठेवा. 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या बासमध्ये ट्रेबल मधल्या खाचेपासून थोडा मागे घ्या. पिकअप तारांच्या फार जवळ असेल, तर स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून तो खाली उतरवा आणि प्रत्येक वेळी वाजवून पाहा.

खरा फरक पडतो तो तारांनी. हल्ली बहुतेक बासवर राउंडवाउंड तारा येतात. गोल तारेच्या वेढ्यांमुळे त्या खरखरीत लागतात आणि झणझणीत वाजतात. फ्लॅटवाउंडवर चपट्या पट्टीचे वेढे असतात. बोट घसरल्याचा आवाज त्यात जवळजवळ येत नाही आणि वरची धारही बोथट होते. फेंडरनं 1951 साली प्रिसिजन बास बाजारात आणला तेव्हा फ्लॅटवाउंडचाच जमाना होता. तारा दाबून धरणारा फोमही कंपनीच ब्रिजच्या झाकणात बसवून द्यायची. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी जेम्स जेमर्सन यांनी अशाच बासवर, जाड फ्लॅटवाउंड तारा आणि झाकणाखालचा फोम ठेवून, 1960च्या दशकातली कितीतरी गाणी वाजवली. तारा तुटेपर्यंत ते बदलत नसत. फ्लॅटवाउंड तारांचा महागडा उपाय करण्याआधी गादीच्या फोमचा बोटभर जाडीचा तुकडा ब्रिजलगत तारांखाली सरकवून बघा. स्वर लवकर विझतो, कडा जातात, आणि नको असेल तेव्हा तुकडा काढता येतो. फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो, म्हणून त्या चढवल्यावर गळ्याचा बाक आणि तारांची उंची तपासून घ्या.

आता अँप. कॅबिनेटमध्ये उंच स्वरांचा हॉर्न असेल तर तो आधी बंद करा. मग वरचे मिड थोडे उतरवा. बास मात्र वाढवू नका, कारण मंडपात तो घुमतो आणि ढोलात मिसळून जातो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. मोबाईलच्या किंवा छोट्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही. कान उपस्वरांवरूनच खर्ज ओळखतो. ते सगळे मारले, तर एकट्यानं वाजवताना गोड वाटणारा बास गाण्यात हरवतो. म्हणून खोलीत बसून आवाज ठरवू नका. साउंड चेकला सगळी मंडळी वाजत असताना, गायक गात असताना, सहकाऱ्याला प्रेक्षकांच्या मधल्या रांगेत उभं करा. शब्द स्वच्छ पोचले पाहिजेत आणि बासची चालही ओळखू आली पाहिजे. दोन्ही जमेपर्यंत नॉब फिरवा, आणि जमलं की मग कुणी काही सांगितलं तरी हात लावू नका.