तान्ह्याचे छायाचित्र: रूढ समज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ, दारव्हा, पुसद या बाजूस बारशाला किंवा संक्रांतीच्या बोरन्हाणाला तान्ह्याचा फोटो काढण्याचा शिरस्ता आता घरोघर रुजला असला, तरी फोटो बिघडला की त्याचे खापर मुलाच्या चंचलपणावर किंवा मोबाइलच्या किमतीवर फुटते. तो कोणत्या उजेडात व कोणत्या उंचीवरून टिपला, याची चौकशी सहसा होत नाही.

फ्लॅशने बाळाची दृष्टी जाते, ही समजूत आजीपासून नातसुनेपर्यंत सर्वमान्य आहे. वस्तुतः साध्या फ्लॅशने निरोगी डोळ्यास इजा होते असा पुरावा नाही. तो टाळावयाचा तो चेहरा सपाट दिसतो, भिंतीवर कठोर छाया पडते आणि मूल दचकते म्हणून. बाहुल्या तांबड्या दिसतात, तो दृष्टिपटलावरून परतलेला प्रकाश होय. मात्र एखाद्या बाहुलीत पांढरी झाक वारंवार दिसू लागली, तर मोबाइलची तक्रार न करता मुलास विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. कॅमेऱ्याच्या कोनामुळेही असे घडते हे खरे, परंतु जन्मजात मोतीबिंदूचे किंवा दृष्टिपटलाच्या कर्करोगाचेही ते लक्षण असू शकते.

भरपूर ऊन म्हणजे उत्तम फोटो, हा दुसरा भ्रम. मेच्या उत्तरार्धात यवतमाळचा मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि तान्ह्यास तेथे नेणे मुळातच गैर. त्यापेक्षा ओसरीत, उंबरठ्यापासून हातभर आत सावलीला त्यास निजवून उजेड डोक्याच्या एका अंगाने येईल अशी तजवीज करावी, कारण तो पायांकडून हनुवटीखाली शिरला तर गोंडस मुखही भेसूर दिसते. दुसऱ्या अंगास धुतलेले पांढरे धोतर धरले की गालावरची छाया निवळते. ट्यूबलाइट तेवढी बंद ठेवावी. दोन जातींच्या उजेडांत कांती एकीकडे निळसर, दुसरीकडे पिवळट उमटते.

मेगापिक्सेल वाढल्याने फोटो स्पष्ट येतो, असे दुकानदार सांगतो, सांगो बापडा. फोकस टोपड्याच्या झालरीवर बसला असेल, तर कितीही मेगापिक्सेल व्यर्थ. पडद्यावर बोट ठेवून जवळचा डोळा निवडावा, आणि हातपाय झाडणाऱ्या मुलासाठी शटरचा वेग निदान १/२५० सेकंद राखावा.

उभ्याने, वरून फोटो काढण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. नवजाताचे मस्तक मुळातच देहाच्या चतुर्थांशाएवढे. त्यात मोबाइलचे रुंद कोनाचे भिंग जवळची वस्तू फुगविते. तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल ओढणारे पोरही उभ्याने टिपले तर नुसता टोपीचा शेंडा हाती लागतो. जमिनीवर बसावे, थोडे मागे सरावे.

हनुवटी तळहातांवर टेकवून निजलेल्या अर्भकाचे चित्र पाहून बाळ तसे आपोआप बसते असे मानणारे मात्र बाळास धोक्यात घालतात: जाणकार छायाचित्रकार अशा चित्रासाठी एकदा डोके व एकदा मनगटे धरून दोन फोटो घेतात आणि धरणाऱ्याचे हात मागाहून पुसून टाकतात.